'पिता' म्हणताना

प्रार्थनेत देवाला 'आकाशातील पिता' म्हणायला मला घरातच शिकवले गेले, पण तो शब्द पुष्कळ वर्षे माझ्या तोंडी नुसता पाठांतराचाच राहिला. कारण अगदी साधे होते. पिता म्हटले की डोळ्यांपुढे आमचे अण्णा उभे राहत. राहुरी तालुक्यातल्या एका खेड्यात ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. निंबाची छडी शाळेतून घरी येई आणि घरातून शाळेत जाई. पण छडीचे मला तितकेसे वाटले नाही. चूक झाली की अण्णा चार-चार दिवस बोलत नसत, ते फार लागे. देवही असाच अबोला धरून बसत असेल, अशी माझी समजूत झाली होती.

ही अडचण माझी एकट्याची नाही. ख्रिस्ती श्रद्धेत देवाला बाप म्हटले आहे, आणि प्रत्येक माणूस बाप या शब्दाचा अर्थ आपल्या घरातून घेऊन येतो. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण पाहा. 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी त्यांचा जन्म झाला. वडील तापट आणि कडक, आई हळवी, कवितेची आवड असलेली. आई गेली आणि लहान वयातच नारायणाने घर सोडले. बापाच्या छत्राखालून निघून गेलेला हा मुलगा 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतो आणि पुढची वीसेक वर्षे मुख्यतः आपल्या नगर जिल्ह्यात राहून, शिकवून, उपदेश करून, अभंग लिहितो. त्या अभंगांत ख्रिस्त पुष्कळदा माउली होऊन येतो. वारकऱ्यांनी विठोबाला विठाई केले, तीच ही वाट. तुकोबांचे आपल्यावरचे ऋण टिळक उघडपणे मानत. मला मात्र यात आणखी एक गोष्ट दिसते. बाप या शब्दात ज्याला ऊब मिळाली नाही, त्याने ती आईच्या शब्दात शोधली. हा माझा तर्क आहे, विद्वानांनी रागावू नये.

आणि टिळक स्वतः बाप म्हणून कसे होते? याचे उत्तर लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त आहे. हे पुस्तक झाले तेही मुलाच्या, देवदत्तांच्या, आग्रहामुळे. टिळकांच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन चार-पाच वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. मुलाच्या वाट्याला तेव्हा बाप नव्हता, हे विसरून चालणार नाही. पुढे संसार पुन्हा जुळला. 1900 साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या दडपणाने नव्हे, स्वतःच्या विचाराने. याच सुमारास मोठा दुष्काळ पडला होता. दुष्काळातली अनाथ पोरे या घरात आली, जेवली, वाढली. तारा तर लेकच झाली. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. 1917 साली त्यांनी मिशनचा पगारही सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. याला आपण समाधानी वृत्ती म्हणतो, आणि ती होतीही. पण घरात पीठ आहे की नाही, हे लक्ष्मीबाईंना पाहावे लागे. एकाच्या समाधानाचा खर्च दुसऱ्याच्या चुलीने सोसावा, हे मला अजूनही पटत नाही. लक्ष्मीबाईंनी तो सोसला आणि वर हसत हसत लिहिलाही, हा त्यांचा मोठेपणा.

गेथशेमानेच्या बागेत, अटकेच्या आधी, येशूने देवाला 'अब्बा' अशी हाक मारली, असे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. हा अरामी शब्द. आमच्या शेजारी मुसलमानांची मुले बापाला हीच हाक मारत, त्यामुळे तो मला परका वाटला नाही. पुष्कळ उपदेशक सांगतात की ही तान्ह्या मुलाची बोबडी हाक आहे. तसे नाही. मोठी झालेली मुलेही बापाला तसेच म्हणत. म्हणजे त्यात लाडापेक्षा जवळीक अधिक आहे. आणि त्या रात्री त्या मुलाने जे मागितले ते मिळाले नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

हे सगळे मी वर्षानुवर्षे रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होतो. मग माझ्या मुलाने पुण्यातली इंजिनिअरची नोकरी सोडली आणि गावच्या चार एकरांत डाळिंब लावायला निघाला. मी काय केले? अबोला धरला. चांगले आठ महिने. अण्णांची छडी मी कधी हातात घेतली नाही याचा मला अभिमान होता, पण त्यांचे दुसरे हत्यार मी नीट जपून ठेवले होते. नाताळच्या आदल्या रात्री तो माळीवाडा स्टँडवर उतरून घरी आला. मी खुर्चीतून उठलो नाही. उठून दार उघडले त्याच्या आईने.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप मुलाला दुरून पाहतो आणि धावत जातो. त्या काळी वडीलधाऱ्याने असे धावणे शोभत नसे, असे अभ्यासक सांगतात. त्या दाखल्यातला बाप आपली शोभा बाजूला ठेवतो. मला खुर्चीही सोडवेना. आणि माझा मुलगा तर उधळ्याही नव्हता.

पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला जे पत्र लिहिले ते कैदेतून. आहे त्यात समाधानी राहायला आपण शिकलो, असे तो तिथे म्हणतो. शिकलो, हा शब्द मला आधार देतो. जन्मतः मिळाले, असे तो म्हणत नाही. मी माझे समाधान मुलाच्या पगारात ठेवले होते, आणि पगार गेल्यावर देवावरच रुसलो होतो.

आता दर रविवारी उपासनेनंतर मी त्याला फोन करतो. पाऊस विचारतो, तेल्या रोग विचारतो, नातवाचा अभ्यास विचारतो. उत्पन्न विचारायचे नाही, असे ठरवले आहे. गेल्या रविवारी तरी विचारलेच. तो हसला आणि म्हणाला, "आबा, अजून दोन वर्षं थांबा."