परदेशी व्यवस्थापन आणि आपली माती

एखाद्या तालुक्यात परदेशी कंपनीचा कारखाना येणार असे ठरले की जमीन, पाणी, वीज आणि रस्ते यांची चर्चा प्रथम होते. ती योग्यच आहे. परंतु दोन देशांची माणसे एका छपराखाली काम करू लागल्यावर त्यांचे परस्परांशी कसे जमणार, या प्रश्नाचा विचार मात्र सहसा कोणी आधी करीत नाही. चाकण, रांजणगाव, शेंद्रा, सुपे अशा औद्योगिक क्षेत्रांमुळे जर्मन, कोरियन, जपानी व्यवस्थापक आणि आसपासच्या खेड्यांतील तरुण यांचा रोजचा संबंध आला आहे. गैरसमज वाढला म्हणजे मध्यस्थीसाठी सरपंचाला बोलावणे येते, औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील शिक्षकाला विचारणा होते आणि शेवटी प्रकरण शासकीय अधिकाऱ्याच्या मेजावर येते. म्हणून या विषयाची तोंडओळख व्यवस्थापकांइतकीच या मंडळींनाही असणे अगत्याचे आहे.

उदयोन्मुख बाजारपेठ

'उदयोन्मुख बाजारपेठ' हा शब्दप्रयोग १९८१ साली आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळातील अर्थतज्ज्ञ अँटोनी व्हॅन अ‍ॅग्टमेल यांनी रूढ केला. तोपर्यंत 'तिसरे जग' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या देशांकडे गुंतवणूकदारांनी आशेने पाहावे, हा त्यामागचा हेतू होता. पुढील दशकांत भांडवल व यंत्रसामग्री या देशांकडे येऊ लागली आणि त्यांच्याबरोबर कामाच्या पद्धतीही आल्या. यंत्र पेटीत घालून पाठविता येते, पद्धतीचे तसे नसते. ती माणसांच्या सवयींत, मानापमानाच्या कल्पनांत आणि बोलण्याचालण्याच्या रीतीत गुंतलेली असते.

गेर्ट हॉफस्टीड या डच संशोधकाने आयबीएम या कंपनीच्या निरनिराळ्या देशांतील कर्मचाऱ्यांच्या उत्तरांचा अभ्यास करून १९८० साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. वरिष्ठ आणि कनिष्ठ यांच्यातील अंतर लोक किती स्वाभाविक मानतात, याचे माप त्यांनी 'सत्ता-अंतर' या नावाने मांडले. त्यात भारताचा अंक ७७, जपानचा ५४ आणि डेन्मार्कचा १८ आहे. अनिश्चितता टाळून सर्व काही आधी ठरवून घेण्याच्या वृत्तीचे माप जपानच्या बाबतीत ९२, तर भारताच्या बाबतीत केवळ ४० आहे. म्हणजे जपानी व्यवस्थापकाला प्रत्येक कृती लिहून ठरलेली हवी असते. आपल्याकडे 'वेळेवर बघू' या भरवशावर बरेचसे काम चालते आणि पुष्कळदा उत्तमही होते. लेखी नियमावली एकाला सोय वाटते, तर दुसऱ्याला तीच अविश्वासाची खूण वाटते.

हे अंक देशाच्या सरासरीचे आहेत, समोर उभ्या असलेल्या माणसाचे नव्हेत, हे मात्र विसरता कामा नये. मुंबईत वाढलेला अभियंता आणि शिरूर तालुक्यातून सायकलने कामावर येणारा तरुण हे दोघेही भारतीयच. परंतु त्यांच्या अपेक्षा सारख्या असतील असे नाही. अंकांचा उपयोग प्रश्न विचारण्यासाठी करावा, उत्तरे ठरवून टाकण्यासाठी करू नये.

मारुतीचा प्रयोग

आपल्या देशात या विषयाचा सर्वांत बोधप्रद प्रयोग हरयाणातील गुडगाव येथे झाला. मारुती उद्योग ही सरकारी कंपनी १९८१ मध्ये स्थापन झाली. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी तिचा करार झाला आणि १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मोटार ग्राहकाच्या हाती पडली. आरंभी सुझुकीचा वाटा २६ टक्के होता. बाकी मालकी भारत सरकारची होती. सरकारी उद्योगाची चाकोरी आणि जपानी कारखान्याची शिस्त यांचा असा मेळ पूर्वी क्वचितच घातला गेला होता.

कंपनीची आरंभीची धुरा वाहणारे व्ही. कृष्णमूर्ती, त्यांचे सहकारी आर. सी. भार्गव आणि सुझुकीचे प्रमुख ओसामू सुझुकी यांनी काही गोष्टी आरंभापासून पक्क्या केल्या. अधिकारी आणि कामगार यांचा गणवेश एकच, उपाहारगृह एकच, अधिकाऱ्यांना स्वतंत्र खोल्यांऐवजी मोकळे कार्यालय आणि पाळीच्या आरंभी सर्वांसाठी व्यायाम. भारतीय कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठविण्यात आले. साहेबाचा चहा वेगळ्या कपात आणि शिपायाचा वेगळ्या पेल्यात, अशा जगात वाढलेल्या माणसांना हा मोठाच पालट होता.

या सर्व गोष्टी बाह्यतः लहान दिसतात. पण हॉफस्टीडच्या ७७ या अंकावर त्यांचा नेमका आघात होता. कामगाराने यंत्रातील दोष दिसताच निःसंकोचपणे सांगावा अशी अपेक्षा असेल, तर त्याच्यात आणि अधिकाऱ्यात असलेली भिंत आधी उतरवावी लागते. गणवेश हे त्या भिंतीचा चिरा काढण्याचे साधन होते. हेतू ध्यानात न घेता नुसता गणवेश उचलला, तर हाती कापडच राहते.

मुळांभोवतीची माती

जपानी कारभारात 'नेमावाशी' नावाची एक रीत आहे. मूळ शब्द बागकामातला. मोठे झाड दुसरीकडे हलवावयाचे असेल तर जपानी माळी आधी त्याच्या मुळांभोवती खणतो, मुळे बांधून घेतो, त्यांना नवे तंतू फुटण्यास अवधी देतो आणि मगच झाड उचलतो. कारभारात याचा अर्थ असा की, बैठकीपूर्वीच संबंधित प्रत्येकाला भेटून, त्याची शंका ऐकून, प्रस्तावात फेरफार करून घ्यावयाचा. त्यानंतर 'रिंगी' नावाचा लेखी प्रस्ताव खालून वर फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर आपली मोहोर उठवतो. आपल्या कचेऱ्यांतील नस्तीही खालून वरच जाते. पण आपल्याकडे निर्णय शेवटच्या सहीत असतो, तर तेथे तो पहिल्या मोहोरेपूर्वीच्या बोलण्यात झालेला असतो. म्हणून जपानी कंपनीकडून उत्तर येण्यास विलंब लागला की आपण त्याला चालढकल समजतो, आणि आपला अधिकारी एका बैठकीत 'हो' म्हणून नंतर बदलला की जपानी माणूस त्याला वचनभंग समजतो.

स्वतः जपाननेही आपली विख्यात गुणवत्ता पद्धती बाहेरूनच घेतली. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांची व्याख्याने १९५० साली तेथे झाली. ती जपान्यांनी जशीच्या तशी गिरवली नाहीत. तज्ज्ञांपुरते असलेले ते शास्त्र त्यांनी यंत्रावरच्या कामगारांच्या हाती दिले आणि १९६२ पासून तेथे गुणवत्ता मंडळे उभी राहू लागली. म्हणजे झाड परके असले तरी माती त्यांनी आपली तयार केली.

आपल्याकडे माती तयार करणे म्हणजे काय, याचे उदाहरण झाडलोटीचे घेता येईल. जपानी कारखान्यांत 'पाच एस' म्हणून जी शिस्त प्रसिद्ध आहे, तिच्यातील 'सेइसो' म्हणजे आपले यंत्र व आपली जागा आपणच स्वच्छ करणे. जपानी शाळांतून मुले वर्ग झाडतात. तेथे यात विशेष काही नाही. आपल्या समाजाने मात्र झाडू शतकानुशतके ठरावीक जातींच्या हाती दिला. त्यामुळे नुसता हुकूम काढला की दोनपैकी एक गोष्ट घडते : कामगार मनातून अपमानित होतो, किंवा पर्यवेक्षक झाडलोटीसाठी ठेकेदाराचा माणूस आणतो आणि पद्धतीचा प्राणच निघून जातो. याच महाराष्ट्रात गाडगेबाबांनी आधी स्वतः गाव झाडले, मग कीर्तन केले, आणि गावकऱ्यांनी खराटे हाती घेतले. त्यांच्या नावाने २०००-०१ पासून चाललेल्या ग्रामस्वच्छता अभियानाचा अनुभव आपल्या पंचायत सदस्यांना आहेच. परदेशी व्यवस्थापकाला 'सेइसो' समजावून सांगावयाचे असेल, तर जपानी शब्दापेक्षा हे नाव अधिक काम करील. अर्थात पहिला झाडू त्याने स्वतः उचलला तर.

होकाराचा अर्थ

बहुतेक गैरसमज शब्दांत नसतात, शब्दांच्या मागे असतात. जपानी माणूस 'हाय' म्हणतो तेव्हा 'ऐकतो आहे' एवढाच त्याचा अर्थ असू शकतो, आणि तो एखादी गोष्ट 'कठीण आहे' म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो नकार असतो. आपल्याकडेही 'बघतो साहेब', 'करून टाकू' ही उत्तरे होकारापेक्षा आदराची असतात. वरिष्ठाच्या तोंडावर 'नाही' म्हणणे उद्धटपणाचे, ही शिकवण घरातून मिळालेली असते. म्हणून 'काम शुक्रवारी होईल ना?' असे विचारू नये. 'शुक्रवारपर्यंत करावयाचे तर काय काय अडचणी येतील?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला एकच उत्तर संभवते, दुसऱ्याला खरे उत्तर मिळते.

रजेचेही तसेच आहे. पोळा, गौरी-गणपती, गावची जत्रा, पंढरीची वारी, पेरणी आणि काढणी ही कामगाराच्या घरची पंचांगे आहेत. चुलत्याच्या दहाव्याला गेलेला कामगार बेशिस्त नव्हे. चुलता हा त्याच्या कुटुंबातीलच असतो. वर्षाच्या आरंभी गावाचे पंचांग समोर ठेवून पाळ्या आखल्या तर उत्पादनही अडत नाही आणि माणूसही दुखावत नाही.

संस्कृती ही सबब नव्हे

येथे एक सावधगिरीचा इशारा आवश्यक आहे. प्रत्येक तंटा संस्कृतीच्या खात्यावर टाकणे सोयीचे असते, पण ते खरे नसते. मारुतीच्याच मानेसर येथील कारखान्यात २०११ मध्ये नव्या कामगार संघटनेच्या मान्यतेवरून संप झाले. १८ जुलै २०१२ रोजी तेथे हिंसाचार उसळून एक वरिष्ठ अधिकारी मृत्युमुखी पडले, अनेक जण जखमी झाले आणि कारखाना सुमारे महिनाभर बंद राहिला. पुढे २०१७ मध्ये न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरविले आणि ११७ जणांची निर्दोष मुक्तता केली. हिंसेचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. परंतु त्या कारखान्यातही गणवेश एकच होता आणि उपाहारगृहही एकच होते, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. एकाच रंगाचा सदरा घालून शेजारी शेजारी काम करणाऱ्यांपैकी एक कायम आणि दुसरा ठेकेदाराचा, व त्यांच्या वेतनात मोठी तफावत, अशी स्थिती होती. समतेची खूण अंगावर आणि विषमता वेतनपत्रकात, असे झाले की खुणेवरचा विश्वास उडतो. या घटनेनंतर प्रत्यक्ष उत्पादनाच्या कामावर ठेकेदारामार्फत माणसे न घेण्याचे धोरण कंपनीने जाहीर केले, यावरून प्रश्नाचे मूळ कोठे होते याची कल्पना येते.

तात्पर्य असे की, पद्धत रुजते ती तिच्यामागील न्यायबुद्धीसह. ती मागे ठेवून नुसती पद्धत आणली तर मुळांवाचून झाड आणल्यासारखे होते.

उलट दिशेचा प्रवास

आता भारतीय व्यवस्थापकही परदेशी जात आहेत. टाटा मोटर्सने २००४ साली दक्षिण कोरियातील गुन्सान येथील देवू व्यापारी वाहन कंपनी विकत घेतली. मालक बदलला तरी देवू हे नाव कायम ठेवण्यात आले, कारभार मुख्यतः कोरियन अधिकाऱ्यांच्याच हाती राहिला आणि कंपनीची माहिती कोरियन भाषेत लोकांपुढे मांडण्यात आली. परक्या देशात आपण पाहुणे आहोत, ही जाणीव जपानी व्यवस्थापकाकडून गुडगावात अपेक्षिली गेली; तीच आपल्या माणसांकडून गुन्सानमध्ये अपेक्षिली जाणार.

काय करता येईल

नव्याने आलेल्या व्यवस्थापकाने पहिले काही महिने बदल सुचविण्यापेक्षा पाहण्यात व ऐकण्यात घालवावेत. सूचना, सुरक्षिततेचे फलक आणि तक्रारीचे अर्ज मराठीत असावेत. प्रत्येक नियमाबरोबर त्याचे कारण सांगावे. दुभाषा केवळ शब्द जाणणारा नसावा, दोन्हीकडच्या रीती जाणणारा असावा. मालक व कामगार यांच्या प्रतिनिधींच्या कार्य समितीची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने केली आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ती आहे. तिच्या बैठका कागदोपत्री न उरकता खऱ्या अर्थाने भरवाव्यात, म्हणजे पुष्कळसे तंटे दारातच मिटतील.

ग्रामपंचायतीने आपल्या गावाचे पंचांग, पाण्याच्या वेळा आणि चालीरीती यांची माहिती कंपनीला आपण होऊन द्यावी आणि मागणी नोकऱ्यांच्या संख्येपुरती न ठेवता त्या कायम की ठेक्यावरच्या, हेही विचारावे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना यंत्राबरोबरच 'अडचण आहे' असे वेळेवर व निर्भयपणे सांगण्याची सवय लावावी. अधिकाऱ्यांनी भूखंड ताब्यात देतेवेळीच कंपनी, पंचायत आणि प्रशिक्षण संस्था यांना एकत्र बसवावे. तक्रार येण्यापूर्वी झालेली अशी एक बैठक तक्रारीनंतरच्या दहा बैठकांहून अधिक मोलाची ठरते. मुळांभोवती खणावयाचे ते झाड उचलण्यापूर्वी, नंतर नव्हे.