कोरड्या मुलखातून नाईलवर



आटपाडीच्या बाजारात हल्ली कुणी भेटलं की एकच प्रश्न येतो, "काय सर, पिरॅमिड बघितलं म्हणं?" मी होय म्हणतो. मग दुसरा प्रश्न, "लई मोठं हाय का?" त्यालाही होय म्हणतो. पण मनात येतं, की या मंडळींना जे सांगायला हवं ते पिरॅमिडाचं नव्हे, पाण्याचं आहे. आज नभोवाणीवर बोलण्याची संधी मिळाली आहे, तेव्हा तेवढंच सांगतो.

पुण्यामुंबईच्या सहल कंपन्या हिवाळ्यात इजिप्तच्या सहली काढतात. आठ-दहा दिवसांच्या. कैरोजवळचे पिरॅमिड आधी, नंतर दक्षिणेला लक्सर या गावी जायचं, आणि तिथून अस्वानपर्यंत तीन-चार रात्री नदीतल्या बोटीवर मुक्काम. वाटेत बोट थांबते, देवळं पाहायची, पुन्हा बोटीवर यायचं. राहणं, जेवण, वाटाड्या सगळं पैशात आलं. खर्च लाखाच्या पुष्कळ पुढे जातो, हे आधीच सांगून टाकतो. आमच्याबरोबर दोन निवृत्त गुरुजी होते, एक निवृत्त शिक्षिका होत्या, एक डाळिंबवाले बागाईतदार होते, आणि आमच्या भागातले एक गलाईवाले. खानापूर-आटपाडीकडची ही मंडळी सोनंचांदी गाळण्याच्या धंद्यापायी हिंदुस्थानभर पसरलेली आहेत, हे आपणांस ठाऊक आहेच.

आता पाण्याकडे वळतो. आपल्या माणदेशात पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरच्या खालीच. माणगंगा वर्षातले बरेच दिवस वाळूची नदी असते. तरी आपल्याकडे निदान मृगाची वाट पाहता येते. लक्सरला पाऊस जवळजवळ पडतच नाही. वर्षानुवर्षे एक सर नाही, आणि तरी त्याच भूमीत पाच हजार वर्षांपासून भरल्या कणगीचं राज्य नांदलं! ते कशावर? हजारो किलोमीटरवरून आलेल्या परक्या पाण्यावर. नाईलचा एक फाटा मध्य आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूने येतो. दुसरा, निळी नाईल, इथिओपियाच्या डोंगरांतून. तिथे जून ते सप्टेंबर पाऊस कोसळतो, म्हणजे आपल्या पावसाळ्याचेच महिने. तो पूर, काळा गाळ घेऊन, कोरड्या इजिप्तात उतरायचा. शेतं पाण्याखाली जायची, पाणी ओसरलं की त्या गाळात पेरणी. त्यांच्या वर्षाचे ऋतूही तीनच होते: पुराचा, पेरणीचा आणि सुगीचा.

शिक्षकबंधूंनी मुलांना एक गोष्ट जरूर सांगावी. पूर येणार हे प्राचीन मिसरी लोक आकाशात पाहून ओळखत. व्याधाचा तारा काही दिवस सूर्यतेजात दिसेनासा होतो, आणि मग एके पहाटे पूर्वेला पुन्हा उगवतो. तो उगवला की नवं वर्ष लागलं, पाणी आलं. आणि व्याध कुठे असतो? आपल्या मृगाच्या शेजारीच. आकाशाच्या एकाच कोपऱ्याकडे तोंड करून दोन देशांतले शेतकरी पाण्याची वाट पाहत होते.

पिरॅमिडाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचं वर्णन आपण शाळेत वाचलं आहे. खुफू राजाचा मोठा पिरॅमिड मुळात १४६ मीटर उंच होता, दगड सुमारे तेवीस लाख. उभा राहून पाहिला की मान दुखते, आणि फोटोवाले व उंटवाले पाठ सोडत नाहीत. 'बक्षीस, बक्षीस' हा शब्द तिथेही तोच, फक्त ते त्याचा 'बक्शीश' करतात. मात्र एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ येथे पपायरसाचे तुकडे सापडले. ती मेरेर नावाच्या मुकादमाची रोजची वही. हाताखाली चाळीसएक माणसं, काम एकच: नदीपलीकडच्या तुरा येथील खाणीतून चुनखडीचे दगड नावेत भरायचे आणि नाईल व कालव्यांतून पिरॅमिडाच्या कामावर नेऊन टाकायचे. आज कुठे मुक्काम, उद्या कुठे, सगळी नोंद. साडेचार हजार वर्षांपूर्वीची! ज्यांनी रोजगार हमीच्या कामावर मस्टर भरलं आहे त्यांना ही वही परकी वाटणार नाही. गुलामांनी चाबकाखाली पिरॅमिड बांधले ही सिनेमातली गोष्ट आता अभ्यासक मानीत नाहीत. कामगारांची वस्ती आणि थडगी तिथेच सापडली आहेत. आणि एवढा दगड आला तो नदीवरून आला, हे ध्यानात ठेवा.

पिरॅमिडांजवळच आता नवे विशाल संग्रहालय झाले आहे. १ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याचे रीतसर उद्घाटन झाले. तूतनखामेन या तरुण राजाच्या थडग्यातल्या पाच हजारांहून अधिक वस्तू तिथे एकत्र आहेत. हे थडगे १९२२ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टर याला लक्सरजवळ सापडले. राजाचा मुखवटा दहा किलोंहून जड, आणि आतली शवपेटी ११० किलो सोन्याची. आमचे गलाईवाले तिथून हलेनात. मी म्हटलं, "काय अंदाज घेताय?" ते म्हणाले, "सर, बाकीच्या राजांचं सोनं कुठं गेलं?" मी म्हटलं, चोरांनी नेलं. तीन हजार वर्षांपूर्वीच थडगी फुटली होती, त्या खटल्यांचे कागदसुद्धा सापडले आहेत. "म्हंजे मुशीत गेलं," ते म्हणाले. "सोनं एकदा मुशीत गेलं की ते राजाचं न्हाई आन् चोराचंबी न्हाई. ह्ये मुशीत पडलं न्हाई, म्हनून बघाय मिळालं." इतिहासाचा प्राध्यापक मी, पण हे मला सुचलं नव्हतं.

लक्सरला बोटीवर चढलो. बोट म्हणजे तीन-चार मजली हॉटेलच, फक्त पाण्यावर. धक्क्याला अशा बोटी एकीला एक लावून बांधतात. आपली बोट पाचवी असली तर चार बोटींच्या दिवाणखान्यांतून चालत काठावर यायचं. या सहलींची पद्धत जुनी आहे. थॉमस कुक या इंग्रज गृहस्थाने १८६९ साली भाड्याच्या दोन आगबोटींतून आपले पहिले प्रवासी नाईलवर नेले. त्याआधी शिडाच्या होड्यांतून जाऊन यायला महिनेच्या महिने लागत. त्या होड्यांची एक मजा होती. नाईल दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि वारा बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे. उतरायचं तर प्रवाह नेतो, चढायचं तर शीड उभारावं. म्हणून त्यांच्या चित्रलिपीत 'दक्षिणेला जाणे' लिहायचं तर शीड उभारलेली होडी काढीत. नकाशात अस्वान लक्सरच्या खाली दिसतं, पण पाण्याच्या हिशेबाने ते वर आहे. मुलांचा इथे हमखास घोटाळा होतो, तेवढा फळ्यावर दाखवावा.

कर्नाकचे देऊळ पाहिले. एका सभामंडपात १३४ खांब. नदीच्या पश्चिमेला राजांच्या थडग्यांचे खोरे पाहिले. उगवतीला जिवंतांची वस्ती, मावळतीला मृतांची, अशी त्यांची वाटणी. हे सगळं भव्य आहेच. पण तिथे आमचा वाटाड्या घड्याळ घेऊन मागे लागलेला. "चला, चला, बोट सुटेल." तीन दिवसांत इतकी देवळं, की दुसऱ्या दिवशी एक गुरुजी म्हणाले, "कालचा देव कुठला आणि आजचा कुठला, काही कळेना." जाणारांना माझं सांगणं असं, की दोन देवळं कमी झाली तरी चालतील, पण दिवसा बोट चालू असताना खोलीत झोपू नका. वर गच्चीवर बसा.

कारण खरा धडा काठावर आहे. पाण्यालगत ऊस, केळी, खजूर, चारा, म्हशी, गाढवावर गवत घेऊन चाललेला माणूस. हिरव्या पट्ट्याची रुंदी कुठे मैलभर, कुठे एका शेताएवढी. त्यापलीकडे एकदम पिवळी वाळू आणि उघडा डोंगर. मध्ये काहीच नाही. एक पाय उसात आणि दुसरा वाळवंटात ठेवून माणूस उभा राहू शकतो. आमचे डाळिंबवाले बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "आपल्याकडं टेंभूचं पाणी जिथवर गेलंय तिथवर असंच दिसतं की." कऱ्हाडजवळ टेंभूला अडवलेले कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने पंपांनी उचलून आपल्या भागात आणले आहे. त्यासाठी आटपाडीत भरलेल्या पाणीपरिषदा आणि नागनाथअण्णा नायकवडींची भाषणं अनेकांना आठवत असतील. परक्या पाण्यावर हिरवं होणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

एस्नाला बोट जलपाशातून वर चढते. दरवाजे बंद करून पाणी भरायचं, की बोट आपोआप उचलली जाते. तिथे होड्यांतले फेरीवाले खालून गच्चीवर कपड्यांच्या पिशव्या अचूक फेकतात. पसंत पडलं तर पिशवीत पैसे घालून खाली टाका, नाहीतर माल परत टाका. एडफूचे होरस देवाचे मंदिर वाळूत इतके गाडले गेले होते की छपरावर घरं उभी होती. १८६० साली मारिएत या फ्रेंच संशोधकाने ते मोकळे केले. म्हणूनच ते इतके शाबूत राहिले.

कोम ओम्बोला मात्र मी थबकलो. मंदिर मगरीच्या देवाचे, पण आवारात एक विहीर आहे. नाईलच्या पाण्याशी जोडलेली. पूर किती चढला हे त्यात पाहायचे. अस्वानच्या एलिफंटाइन बेटावर तर पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या आहेत आणि भिंतीवर मापाच्या खुणा. हे माप कशासाठी? सारा किती बसवायचा ते ठरवण्यासाठी. प्लिनी या रोमन लेखकाने नोंदून ठेवले आहे, की पूर बारा हात चढला तर उपासमार, सोळा हात चढला तर आनंदीआनंद. पीक उभं राहण्याच्या आधीच, नुसत्या पाण्यावरून, सरकारला सुगी कळायची! आपल्याकडची पैसेवारी आठवा. पूर्वी ती पन्नास पैशांच्या आत आली तर दुष्काळ ठरायचा. ती किती लावायची यावरून गावोगाव केवढी ओढाताण व्हायची! तिथे आकडा भिंतीवर कोरलेला होता. अर्थात तो वाचणारा पुजारी किंवा कारकून असायचा, शेतकरी नव्हे. तेव्हा ओढाताण तिथेही झाली असणारच, असा माझा तर्क.

आता त्या पायऱ्यांना काम उरलेले नाही. १९७० साली अस्वानचे उंच धरण पुरे झाले आणि पूर थांबला. धरण १११ मीटर उंच, पावणेचार किलोमीटरहून लांब, मागचे सरोवर सुमारे पाचशे किलोमीटर लांबीचे. वीज मिळाली, बारमाही पाणी मिळालं, दुष्काळाच्या वर्षांत देश तरला. पण गाळही धरणामागे अडला, आणि जी जमीन फुकटच्या खतावर जगत होती तिला विकतचे खत आले. आता इथिओपियाने निळ्या नाईलवर प्रचंड धरण बांधले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि खालच्या इजिप्तला घोर लागला. वरचा आणि खालचा हे भांडण आपल्या कृष्णेवर आपण पाहतोच.

सरोवरात बुडणारी देवळं वाचवली, ही कथा वाटाड्या रंगवून सांगतो. खरोखरच ती रंगवण्यासारखी आहे. अबू सिंबेलची डोंगरात कोरलेली मंदिरं १९६४ ते १९६८ या काळात करवतीने कापून, साठ मीटरांहून वर नेऊन, पुन्हा जशीच्या तशी जुळवली. जगाने वर्गणी दिली. त्याच पाण्याखाली नुबियन लोकांची गावं गेली. इजिप्तमधले पन्नास हजारांच्या आसपास लोक १९६३-६४ मध्ये उठवून कोम ओम्बोच्या बाजूला नेऊन वसवले, सुदानमधले जवळपास तितकेच वेगळे. म्हणजे ज्या ठिकाणी आम्हांला मगरींच्या ममी दाखवल्या, तिथून जवळच ती वस्ती होती. वाटाड्याने तिचे नाव काढले नाही. मीही विचारले नाही, कारण तेव्हा मला ते सुचलेच नाही.

सुचलं ते आमच्या शिक्षिकाबाईंना. अस्वानला शेवटच्या संध्याकाळी शिडाच्या छोट्या होडीतून फेरफटका असतो. होडीवाला नुबियन, पन्नाशीचा. बाई कोयनाकाठच्या. त्यांचं गाव १९६० नंतरच्या वर्षांत शिवसागर जलाशयात गेलं. तेव्हा त्या आईच्या कडेवर होत्या. घराला सोलापूरकडे जमीन मिळाली. वाटाड्याला त्यांनी इंग्रजीतून विचारायला लावलं, याचं गाव कुठलं? होडीवाल्याने मान न वळवता धरणाच्या दिशेला हात केला. आजोबांचं गाव पाण्याखाली, म्हणाला.

"मग नव्या वस्तीला नाव काय दिलं?" बाईंनी विचारलं.

वाटाड्याने विचारून सांगितलं, "तेच. जुन्या गावाचंच."

बाई म्हणाल्या, "आमच्याकडेही तेच केलं." वाटाड्याने ते होडीवाल्याला सांगितलं. त्याने पहिल्यांदा वळून बाईंकडे पाहिलं, वल्हं खाली ठेवलं, आणि त्यांना बसायला आपल्याजवळची गादी सरकवून दिली.