सौरपंपाची पॅनेले एकाच जातीची असू द्या

गारपीट झाली, वादळात फांदी पडली की सौरपंपाचे एखादे पॅनेल फुटते. मग तालुक्याच्या दुकानात मिळेल ते पॅनेल आणून मधे बसवले जाते. "मोठंच आणलंय, पाणी जास्तच येईल," असेही काही जण म्हणतात. तसे होत नाही.

पंपाची पॅनेले साखळीसारखी एकापुढे एक जोडतात. वायरमन याला सिरीज म्हणतो. या जोडणीत सगळ्यांच्या व्होल्टची बेरीज होते, पण अँपिअर म्हणजे प्रवाह सगळ्यांतून एकच वाहतो. चार इंची पाइपलाइनीत अडीच इंची तुकडा घातला तर काय होईल, हे तुम्हांला सांगायला नको.

समजा, जुनी पॅनेले ३३५ वॅटची, पावणेनऊ अँपिअरच्या आसपासची आहेत. त्यांत ५४० वॅटचे, १३ अँपिअरचे पॅनेल घातले, तरी जुनी त्याला वर जाऊ देत नाहीत. नव्याकडून साधारण पावणेचारशे वॅटच मिळतात. बाकीचे पैसे उन्हात गेले! उलट, घरच्या दिव्याचे १०० वॅटचे, साडेपाच अँपिअरचे पॅनेल घातले तर एकतर सगळी ओळ साडेपाचवर येते, नाहीतर पाठीमागच्या डबीतला डायोड प्रवाह बाजूने वळवतो आणि ते पॅनेल असून नसल्यासारखे होते.

म्हणून नुसते वॅट पाहू नका. पाठीवरच्या पट्टीवर कमाल शक्तीच्या वेळचे अँपिअर लिहिलेले असतात. ते जुन्याशी जुळले पाहिजेत. दोन ओळी समांतर असतील तर दोन्हींत पॅनेले सारखीच ठेवा. एकीत नऊ, दुसरीत दहा, असे चालत नाही.

सावलीनेही हेच होते. बांधावरच्या बाभळीची सावली एकाच पॅनेलवर पडली तरी पाणी घटते. पक्ष्यांची विष्ठा साचू देऊ नका. काच सकाळी थंड असतानाच साध्या पाण्याने धुवा.

पीएम-कुसुम योजनेतला पंप असेल तर पहिली पाच वर्षे देखभाल पुरवठादाराकडे असते. आधी त्याला कळवा, पदरचे पॅनेल घालू नका.

आणि एक, पंप बंद असला तरी उन्हात पॅनेलांच्या तारांत शेकडो व्होल्ट असतात. जोड स्वतः उघडू नका, जाणकार माणूस बोलवा.