हृदयरोग आहे? डुबकीआधी हे वाचा

वाशिम, कारंजा, रिसोडहून सुट्टीत तारकर्ली-मालवणला जाणाऱ्यांनी स्कूबाआधी एवढे ध्यानात ठेवावे :

● १० मीटर खोलीवर शरीरावरचा दाब दुप्पट होतो.

● पाण्यात उतरताच हातापायांतले रक्त छातीकडे सरकते. हृदयावरचा भार वाढतो.

● साधारण चारातल्या एकाच्या हृदयात वरच्या दोन कप्प्यांमधले जन्मजात बारीक छिद्र उघडेच राहते. वर येताना रक्तातले नायट्रोजनचे बुडबुडे त्यातून मेंदूकडे जाऊ शकतात.

● अँजिओप्लास्टी, बायपास, पेसमेकर, झडपेचा आजार किंवा उच्च रक्तदाब असल्यास हृदयरोगतज्ज्ञांची लेखी परवानगी घ्या.

● आरोग्याच्या फॉर्ममध्ये आजार लपवू नका. गोळ्यांची नावेही लिहा.

● पाण्याखाली धाप, खोकला, छातीत दुखणे जाणवताच प्रशिक्षकाला अंगठा वर करून दाखवा. तिथे त्याचा अर्थ ‘छान’ नव्हे, ‘वर चला’ असा होतो.