नरसीचा वाटसरू आणि परमुलखाची बोली

हिंगोली जिल्ह्यातल्या नरसी गावात फेटेवाले पंजाबी यात्रेकरू दिसले तर कुणाला नवल वाटत नाही. नांदेडला हजूर साहिबचं दर्शन झालं की त्यांतले बरेच जण वाट वाकडी करून इकडे येतात, कारण गुरू ग्रंथसाहिबात ज्यांची ६१ पदं आहेत ते भगत नामदेव या गावचे. (नामदेवांचा जन्म नरसीचा की पंढरपूरचा, हा वाद जुना आहे. नरसीकरांपुरता तो कधीच मिटला आहे.)

हल्ली मराठी कुटुंबं न्यूझीलंड, ताहिती, सामोआ अशा बेटांवर फिरायला जातात. मुलगा किंवा मुलगी ऑकलंडला नोकरीला असली की आईवडिलांची एक फेरी ठरलेलीच. निघण्यापूर्वी तिथल्या भाषेतली चार वाक्यं पाठ करण्याची हौसही वाढली आहे. ती चार वाक्यं कोणती असावीत याचा विचार मी नरसीपासून सुरू करतो, कारण परमुलखाची भाषा चालत-चालत शिकलेला एवढा मोठा प्रवासी आपल्याकडे दुसरा नाही.

१२९६ साली ज्ञानदेवांनी समाधी घेतली आणि त्यानंतर नामदेव उत्तरेला गेले, असं परंपरा सांगते. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमानला ते बरीच वर्षं राहिले. तिथे त्यांचा गुरुद्वारा आहे, आणि २०१५ च्या एप्रिलमध्ये सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथेच भरलं. नामदेवांच्या नावावरच्या उत्तरेकडच्या पदांची भाषा एकसंध नाही. ब्रज, खडी बोली आणि पंजाबी तिच्यात मिसळली आहे आणि मधेच एखादं मराठी रूप डोकं वर काढतं. १९६४ साली पुणे विद्यापीठाने ‘संत नामदेव की हिंदी पदावली’ प्रसिद्ध केली. पुढे १९८९ मध्ये विनांड कॅलवर्ट आणि मुकुंद लाठ यांनी जुन्या हस्तलिखितांवरून या पदांचा नव्याने अभ्यास केला. ही पदं लिहिली जाण्यापूर्वी दीर्घकाळ गाणाऱ्यांच्या तोंडी फिरत होती, हे त्यातून ठळक झालं. त्यामुळे अमुक ओळ खुद्द नामदेवांचीच, अशी शपथ कुणी घेऊ नये.

माझ्या मते यामुळे नामदेवांचं मोठेपण उणं होत नाही. १६०४ मध्ये गुरू अर्जनदेवांनी आदिग्रंथ, म्हणजे गुरू ग्रंथसाहिबाचं पहिलं रूप, सिद्ध केला, तेव्हा नामदेवांना जाऊन अडीचशे वर्षं झाली होती. एवढा काळ पंजाबने एका मराठी शिंप्याची पदं आपली म्हणून जपली. त्यांतल्या मराठी खुणा कुणाला खटकल्या नाहीत. व्याकरण चोख असण्यापेक्षा लोकांमध्ये बसून गाणं महत्त्वाचं ठरलं.

मराठवाड्याच्या माणसाला हे पटायला जड जाऊ नये. हिंगोलीच्या बाजारात मराठी आणि दखनी एका दमात बोलली जाते, आणि तांड्यावरून आलेली बंजारा बाई घरच्यांशी गोरमाटी बोलीत बोलून दुकानदाराशी मराठीत घासाघीस करते. चुकत-माकत बोलायची लाज इथे कुणाला फारशी नसते. बेटांवर जाणाऱ्याजवळ हे भांडवल आधीपासूनच आहे.

आता बेटांकडे वळू. हवाई, रापा नुई आणि न्यूझीलंड या तीन टोकांमधल्या अवाढव्य त्रिकोणात पसरलेल्या भाषा सख्ख्या बहिणी आहेत. १७६९ साली कॅप्टन कुकच्या जहाजावर तुपाइया नावाचा रायातेआ बेटावरचा पुरोहित आणि नाविक ताहितीहून चढला. हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून जहाज न्यूझीलंडला लागलं, तेव्हा किनाऱ्यावरच्या माओरींशी इंग्रजांना एक शब्द बोलता येईना. तुपाइयाचं बोलणं मात्र माओरींना कळलं. परतीच्या वाटेवर १७७० मध्ये बटाव्हियाला तो वारला. कुक पुढच्या सफरीत पुन्हा आला, तेव्हा माओरी आधी तुपाइयाची चौकशी करत होते.

मराठी माणसाच्या जिभेला या भाषा जड नाहीत. माओरीत प्रत्येक अक्षर स्वरावर संपतं, म्हणजे आपली बाराखडीच. ऱ्हस्व-दीर्घाने अर्थ बदलतो, हेही आपल्याला नवं नाही. शाळेत घोकून नंतर विसरलेला ‘ङ’ तिथे शब्दाच्या सुरुवातीलाच येतो. तेवढ्यासाठी मात्र जिभेला थोडी तालीम द्यावी लागेल. रोमन लिपीवर विसंबू नका. सामोआच्या भाषेत ‘जी’ अक्षराचा उच्चार ङ होतो, म्हणून नकाशावर ‘पागो पागो’ वाटणारं गाव प्रत्यक्षात ‘पाङो पाङो’ आहे. सगळी वाक्यं देवनागरीत लिहून घ्यावीत.

व्याकरणात तर आपल्याला वाटेल की हे घरचंच आहे. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांतला भेद हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्याला समजावून सांगावा लागतो. माओरीत तो काटेकोर पाळतात. शिवाय संस्कृतसारखं द्विवचनही आहे. एकाला नमस्कार करताना ‘तेना कोए’, दोघांना ‘तेना कोरुआ’ आणि तिघांना किंवा अधिकांना ‘तेना कोउतोउ’. इथे आपली एक सवय आड येते. वडीलधाऱ्या एकट्या माणसाला आपण आदराने ‘तुम्ही’ म्हणतो, पण माओरीत वचन सहसा डोकी मोजूनच वापरतात. एकट्या आजोबांनाही ‘तेना कोए’च म्हणायचं.

घाईत असाल तर एवढं पुरे: माओरीत ‘कीआ ओरा’, सामोआत ‘तालोफा’, टोंगात ‘मालो ए लेलेई’, ताहितीत ‘इआ ओराना’. आभारासाठी सामोआत ‘फाअफेताई’, ताहितीत ‘माऊरुउरु’. फिजीला जाणार असाल तर गोष्ट वेगळी. तिथली मूळ भाषा या त्रिकोणाच्या उंबऱ्याबाहेरची आहे, आणि १८७९ ते १९१६ या काळात करारावर नेलेल्या भारतीय मजुरांची, म्हणजे गिरमिटियांची, हिंदी तिथे अजून घरोघर बोलली जाते. हिंगोलीचा माणूस तिथे पहिल्या दिवसापासून गप्पा मारू शकतो.

भाव विचारायची आणि जेवण मागायची वाक्यं पुस्तकांत सापडतीलच, आणि त्यांच्यावाचून इंग्रजीत काम भागतंही. पाठ करण्याजोगी गोष्ट म्हणजे स्वतःची ओळख. माओरी माणूस नावाआधी आपला डोंगर आणि आपली नदी सांगतो. या ओळखीला ‘पेपेहा’ म्हणतात. पाहुण्याने मात्र पूर्वजांच्या थाटात नदीवर हक्क सांगू नये. या नदीकाठी मी वाढलो, एवढंच म्हणावं, असं तिथले बरेच जाणते सुचवतात. ‘हिंगोलीच्या कयाधू नदीकाठी वाढलो, ती पुढे पैनगंगेला मिळते’, एवढं वाक्य त्यांच्या भाषेत बसवून न्या. तुम्ही कोणत्या कंपनीत आहात, यापेक्षा त्यात त्यांना जास्त रस असेल.

व्याकरण चुकलं तरी चालेल, पण उच्चाराबद्दल मी आग्रही आहे, त्याला कारण आहे. न्यूझीलंडच्या शाळांत माओरी बोलल्याबद्दल मुलांनी छड्या खाल्ल्या आहेत. १९७२ च्या सप्टेंबरात भाषेसाठी तिथल्या संसदेकडे हजारो सह्यांचा अर्ज गेला आणि १९८७ मध्ये माओरीला अधिकृत दर्जा मिळाला. निजामाच्या राज्यात वरचं शिक्षण उर्दूतून घ्यावं लागलेली पिढी ज्या मराठवाड्याने पाहिली, त्याला हा इतिहास वेगळा समजावून सांगायला नको. म्हणून गावाचं आणि माणसाचं नाव इंग्रजी वळणाने उच्चारू नका. जमलं नाही तर त्यांनाच विचारा आणि त्यांच्यासमोर दोनदा म्हणून घ्या.