बोअरच्या गाडीची दुसरी कामं

उन्हाळा तापला की जेऊरच्या माळावर बोअरच्या गाड्या फिरू लागतात. तमिळनाडूतलं तिरुचेंगोड हे या धंद्याचं माहेर. पाणाड्या जागा दाखवतो, नारळ फुटतो, कॉम्प्रेसर धडधडू लागतो. उजनीचं बॅकवॉटर ज्याच्या बांधाला लागलं, तो पाइपलाइन टाकून केळी काढतो. माळावरच्याला मात्र साडेसहा इंची भोकाचीच आशा.

रॉडमधून दाबाची हवा खाली जाते, तळाशी हातोड्यातला दट्ट्या बिटवर ठोके देतो, आणि तीच हवा दगडाचा चुरा वर फेकते. ऑपरेटरची नजर त्या चुऱ्यावर. कोरडी करडी पावडर म्हणजे घट्ट काळा पाषाण. तांबडी माती आली तर लाव्हाच्या दोन थरांमधला लाल पट्टा. चुरा ओला निघाला की बघे पुढे सरकतात. आपल्या पाषाणात पाणी असतं ते मुरमात, भेगांत, सच्छिद्र थरांत. खोल गेलं म्हणजे जास्त लागतं असं नाही. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने शेती-उद्योगासाठी 60 मीटरपुढे जायला बंदी आहे. गाडी खरोखर कुठं थांबते, ते ज्याचं त्यानं ओळखावं.

पण यंत्राला पाण्याशी देणंघेणं नाही. त्याला दगडात भोक पाडता येतं, बस्स. पुलाच्या पायाखाली खडक किती खोल, हे बोअर घेऊनच कळतं. खडकाळ जागी अर्थिंगसाठी बोअर घेतात. बुजलेलं जुनं बोअर त्याच कॉम्प्रेसरच्या हवेनं साफ करतात, त्याला फ्लशिंग म्हणतात.

माणसंही याच भोकांनी वाचली आहेत. 1989 मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी घुसलं, तेव्हा खाण अभियंते जसवंतसिंग गिल बोअरमधून पोलादी कॅप्सूलमध्ये बसून स्वतः खाली उतरले आणि 65 कामगार एकेक करून वर आले. 2010 मध्ये चिलीच्या सान होसे खाणीत 33 जण 69 दिवस अडकले होते. त्यांच्यापर्यंत वाट काढणारं श्रॅम कंपनीचं यंत्र पाण्याची बोअरं घेणाऱ्या जातीतलं, आणि हातोडाही हवेवर चालणारा.

आपल्याकडचं माझ्या मते सर्वांत शहाणं काम म्हणजे आडवं बोअर. लहान यंत्र दोरखंडानं विहिरीत सोडतात, भिंतीच्या दगडात पाझर दिसेल त्या पातळीला टेकवतात आणि चहूबाजूंनी आडवी भोकं मारतात. थर तोच, पण विहिरीची पोच वाढते. भेग हुकली तर हेही भोक कोरडंच, म्हणून आधी पाझर नीट पाहावा. आटलेल्या उभ्या बोअरचं पुनर्भरण करता येतं, पण पावसाचं गढूळ पाणी थेट सोडलं तर गाळानं ते बुजेल. आधी खड्डा घेऊन दगड, खडी, वाळूचे थर भरायचे, आणि दर उन्हाळ्यात वरची वाळू काढून धुवायची. ही मेहनत शेतकऱ्याची. गाडीवाल्याचं बिल फुटावर निघतं, त्यामुळे तो हे काम स्वतःहून सुचवेल, ही अपेक्षा कुणी ठेवू नये.