मशिन विचारतं : रुपये की युरो?

लंडनच्या ग्रीन पार्क स्टेशनातून बाहेर पडलं की पाच-सात मिनिटांच्या अंतरावर आल्बमार्ल स्ट्रीटवर रॉयल इन्स्टिट्यूशनची खांबांची इमारत दिसते. १८३१ च्या ऑगस्टमध्ये मायकेल फॅरडे यांनी इथंच लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. पहिल्या वेटोळ्यातला विद्युतप्रवाह सुरू किंवा बंद होताना, त्याला कुठेही न जोडलेल्या दुसऱ्या वेटोळ्यातही क्षणभर वीज वाहते, हे त्यांना दिसलं. आज त्याच स्टेशनच्या गेटवर मुंबईचा किंवा नाशिकचा प्रवासी आपलं क्रेडिट कार्ड पिवळ्या रीडरवर टेकवतो, तेव्हा फॅरडेंचाच शोध कामाला येतो.

कार्डाला बॅटरी नसते. प्लॅस्टिकच्या थरांमध्ये, कार्डाच्या कडेकडेने, बारीक तारेचे काही वेढे दडवलेले असतात. रीडरचं चुंबकीय क्षेत्र सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार वेळा आंदोलतं आणि त्या वेढ्यांत चिपला पुरेल एवढी वीज तयार होते. कार्ड चार-पाच सेंटिमीटर लांब नेलं की क्षेत्र क्षीण होतं आणि चिप पुन्हा निपचित पडते.

गेट उघडायला लंडनच्या वाहतूक यंत्रणेने जेमतेम अर्धा सेकंद राखून ठेवला आहे. गर्दीच्या वेळी याहून जास्त वेळ लागला तर मागे रांग तुंबते. मग एवढ्या वेळात भारतातल्या बँकेला विचारून होतं का? लंडन ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन ७२ मिलिसेकंद. प्रकाशाचा वेग अडचणीचा नाही. वेळ जातो तो मधल्या थांब्यांवर: दुकानदाराची बँक, मग व्हिसा किंवा मास्टरकार्डचं जाळं, मग आपली बँक, तिथली खात्याची आणि फसवणुकीची तपासणी, आणि तोच रस्ता उलटा. दुकानात त्याला दोन-तीन सेकंद लागले तरी चालतं. मेट्रोच्या गेटवर चालत नाही.

म्हणून गेट बँकेला विचारतच नाही, कार्डालाच विचारतं. रीडर एक यादृच्छिक आकडा पुढे करतो आणि कार्ड आपल्या गुप्त किल्लीने त्यावर सही करून देतं. सही खरी आहे हे तपासायला लागणारी उघड किल्लीही कार्डच देतं, पण तिच्यावर बँकेची सही असते आणि बँकेच्या किल्लीवर कार्ड-जाळ्याची. जाळ्याची किल्ली रीडरमध्ये आधीपासून साठवलेली असते. तहसीलदाराचा शिक्का पाहून आपण दाखल्यावर विश्वास ठेवतो, दाखला आणणाऱ्याला ओळखत नसलो तरी चालतं. तशीच ही साखळी आहे. दिवसभराच्या प्रवासाचे पैसे रात्री एकत्र मोजले जातात आणि ठरलेल्या कमाल मर्यादेपलीकडे घेतले जात नाहीत. मात्र जाताना कार्ड आणि उतरताना फोन टेकवला तर यंत्रणेच्या लेखी ते दोन वेगळे प्रवासी असतात, फोनमध्ये तेच कार्ड असलं तरीही. मग दोन्हीकडून अपुऱ्या प्रवासाचं जास्तीचं भाडं कापलं जातं.

आपल्याकडच्या एका नियमाचा इथे थेट संबंध येतो. रिझर्व्ह बँकेने २०२० पासून नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठी सुरू करून द्यायला सांगितली आहेत. परदेशातला वापर आणि टॅपची सोय ग्राहकाने स्वतः ॲपमधून चालू करायची असते. ती बंद राहिली तरी लंडनचं गेट पहिल्या वेळी उघडू शकतं, कारण सही खरीच असते. नंतर बँकेकडे विचारणा जाते, बँक नकार देते आणि ते कार्ड गेटच्या नकार-यादीत जातं. पुढच्या स्टेशनवर लाल दिवा लागला की प्रवासी गोंधळतो: मघाशी तर चाललं होतं! विमानात बसण्याआधी हे बटण तपासायला दोन मिनिटं पुरतात. ओटीपी ज्या नंबरवर येतो त्याचं रोमिंगही त्याच वेळी पाहावं.

दुकानात कार्ड मशिनमध्ये खोचलं की वेगळी सही लागते, आणि मला ती या सगळ्यातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. मशिन चिपला रक्कम, तारीख, देशाचा संकेतांक, चलनाचा संकेतांक आणि एक यादृच्छिक आकडा देतं. रुपयाचा संकेतांक ३५६, पौंडाचा ८२६, युरोचा ९७८. चिप त्यात स्वतःच्या व्यवहारांची मोजणी घालते. ही मोजणी दर वेळी एकाने वाढते, कधीच मागे जात नाही. हे सगळं गुप्त किल्लीतून घुसळून आठ बाइटचा एक संकेत बाहेर पडतो. तो त्या एकाच व्यवहारापुरता खरा असतो. कुणी मधेच टिपून घेतला आणि तासाभराने पुन्हा वापरायचा प्रयत्न केला तर बँकेचं गणित जुळत नाही.

मागच्या काळ्या चुंबकीय पट्टीत हे सामर्थ्य नाही. ती दर वेळी तीच माहिती तशीच्या तशी सांगते, त्यामुळे पट्टीची नक्कल केली की कार्डाची नक्कल झाली. फ्रान्समध्ये रोलां मोरेनो यांनी १९७४ मध्ये चिप-कार्डाचं पेटंट घेतलं आणि १९९२ च्या अखेरीस तिथल्या सगळ्या बँक-कार्डांवर चिप आली होती. भारताने २०१८ च्या अखेरची मुदत ठरवली. मास्टरकार्डने २०३३ पर्यंत आपल्या कार्डांवरून पट्टी पूर्ण काढून टाकायचं जाहीर केलं आहे. तोवर परदेशात कुणी कार्ड आत नेऊन पट्टी घासू लागलं तर नाही म्हणावं आणि मशिन टेबलाशी मागवावं.

म्हणजे चोराची वाट विज्ञानाने बऱ्यापैकी बंद केली आहे. परदेशात आपले पैसे जास्त जातात ते दुसऱ्याच वाटेने, आणि तिथे कुणीही चोरी करत नाही. आपण स्वतः हो म्हणतो.

पॅरिसमधलं रेस्तराँ घ्या. बिल ८० युरो. वेटर मशिन पुढे करतो आणि पडद्यावर दोन ओळी येतात: ८० युरो, किंवा अमुक इतके रुपये. मशिनला आपण भारतीय आहोत हे कसं कळलं? कार्ड क्रमांकाच्या पहिल्या सहा-आठ आकड्यांवरून. ते बँकेचे असतात आणि कोणत्या बँकेचं चलन कोणतं, याचा तक्ता मशिनमागच्या यंत्रणेकडे असतो. रुपयांचा आकडा ओळखीचा, चटकन समजणारा. दमलेला माणूस तिथेच बोट ठेवतो.

त्या क्षणी चिपकडे जाणारा संकेतांक ९७८ च्या ऐवजी ३५६ होतो. चिप निमूटपणे त्यावर सही करते. किल्ली खरी, मोजणी खरी, संकेत खरा. रुपयांचा भाव रास्त आहे का, हे विचारण्याची सोय त्या गणितात नाही. तो भाव दुकानदाराच्या बाजूच्या कंपनीने ठरवलेला असतो, त्यात तिचा नफा असतो आणि त्यातला वाटा बहुधा दुकानालाही मिळतो.

हिशेब मांडून पाहू. सोपं जावं म्हणून युरो १०० रुपयांचा धरू. युरो निवडले तर जाळ्याच्या दराने ८,००० रुपये. त्यावर बँकेचा मार्कअप साडेतीन टक्के, म्हणजे २८०. मार्कअपवर १८ टक्के जीएसटी, ५० रुपये ४० पैसे. एकूण ८,३३० रुपये ४० पैसे. आता रुपये निवडले आणि मशिनच्या दरात सहा टक्के चढवलेले असले, तर ८,४८०. प्रश्न इथे संपला असं वाटतं, पण परदेशातल्या दुकानात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही आपल्याकडच्या काही बँका साधारण एक टक्का शुल्क आणि त्यावर जीएसटी लावतात. बेरीज ८,५८० रुपयांवर जाते. एका जेवणावर अडीचशे रुपये. पंधरा दिवसांच्या सहलीत हॉटेल, खरेदी, तिकिटं सगळीकडे हेच बोट पडत राहिलं तर रक्कम बरीच मोठी होते. मार्कअप कमी असलेलं कार्ड असेल तर तफावत आणखी वाढते.

एटीएमवरही हाच प्रश्न येतो, शब्द फिरवून: ‘दर मान्य आहे का?’ तिथे नकार दिला की व्यवहार रद्द होईल अशी भीती वाटते. बहुतेक वेळा तो रद्द होत नाही, स्थानिक चलनात पुढे जातो. अर्थात क्रेडिट कार्डाने रोकड काढूच नये. तिच्यावर वेगळं शुल्क असतं आणि व्याज पहिल्या दिवसापासून धावतं, खरेदीसारखी सवलतीची मुदत मिळत नाही.

अमेरिकेत पेट्रोल पंपावरचं मशिन पाच आकडी झिप कोड मागतं आणि आपला पिनकोड सहा आकडी. सरळ आत जाऊन कॅशियरकडे कार्ड द्यावं. हॉटेल आणि भाड्याची मोटार घेताना ठेव म्हणून मोठी रक्कम अडवली जाते. ती खर्च झालेली नसते, पण मर्यादेतून वजा होते आणि सुटायला काही दिवस लागतात. म्हणून दोन कार्डं जवळ असावीत, वेगवेगळ्या जाळ्यांची, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली.

चिपचं संरक्षण एका जागी मात्र संपतं. कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे कुणी उतरवून घेतले तर चिपची गरजच उरत नाही. भारतात ओटीपीची सवय झालेल्या आपल्याला हे लक्षात येत नाही की अनेक परदेशी संकेतस्थळं ओटीपी विचारतच नाहीत. म्हणूनच ॲपमध्ये परदेशी ऑनलाइन वापर, दुकानातला वापर आणि एटीएम यांची बटणं वेगवेगळी असतात. सहलीला जाताना दुकानातलं चालू, ऑनलाइनचं गरजेपुरतं, आणि परत आल्यावर दोन्ही बंद.

स्लिप हातात आली की चलनाची खूण पाहावी. वेटरने न विचारताच रुपये दाबले असतील तर तिथल्या तिथे व्यवहार रद्द करून पुन्हा युरोत करायला सांगता येतं, आणि तसं सांगण्यात संकोच नको. दुकान सोडल्यावर तक्रार सिद्ध करणं अवघड जातं, कारण कागदावर संमती आपलीच असते. युरोत केलेल्या व्यवहाराचा एसएमएसमधला रुपयांचा आकडा आणि महिनाअखेरच्या स्टेटमेंटमधला आकडा थोडा वेगळा येऊ शकतो, कारण दर अनेकदा खरेदीच्या क्षणाचा नसतो, व्यवहार जाळ्यात हिशेबाला लागतो त्या दिवसाचा असतो. वस्तू परत केली तर पैसे परतीच्या दिवसाच्या दराने येतात आणि पहिल्या वेळचा मार्कअप बँक सहसा परत देत नाही. त्यामुळे स्टेटमेंट येऊन ताळा जुळेपर्यंत सगळ्या स्लिपा एका पाकिटात जपून ठेवाव्यात.